दगडफुलाची पुडी आणि इटलीची कविता

गोडा मसाला करायचा असला की आई परातीत दगडफूल पसरायची आणि आम्हा भावंडांना निवडायला बसवायची. एका बाजूने राखाडी, दुसऱ्या बाजूने काळं, कडा कुरतडल्यासारख्या, हाताला जुन्या कागदासारखं लागणारं, आणि त्यात साली, काड्या, माती असं वाट्टेल ते निघायचं. एखादा खडा नजरेतून सुटला तर तो वर्षभरात कधीतरी कुणाच्या तरी दाताखाली येणार, आणि मग त्या दिवशी निवडायला कोण बसलं होतं याची चौकशी होणार. हे फूलबिल काही नाही, बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र थाटलेला संसार आहे, हे मला अकरावीत कळलं. तोवर मी त्याला मसाल्याचा पदार्थ समजत होतो, घरातले बाकीचे अजूनही तसंच समजतात.

तर या दगडफुलाच्या खानदानावर, म्हणजे लायकेनवर, एका इटालियन कवीने अर्धं आयुष्य घालवलं. कामिल्लो स्बार्बारो त्याचं नाव. जन्म 1888 चा, सान्ता मार्गेरिता लिगुरे इथला, म्हणजे जेनोवाजवळचा किनारा, आणि गेला 1967 मध्ये. सुट्टीत मजा म्हणून चार गोष्टी खिशात टाकणाऱ्यातला हा नव्हता. त्याने गोळा केलेल्यातल्या कितीतरी जाती विज्ञानाला नवीन निघाल्या, काहींच्या शास्त्रीय नावात 'स्बार्बारोनिस' असं त्याचं आडनाव कायमचं चिकटलंय, आणि युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत त्याच्या पुड्या गेल्या. मराठीतल्या कुठल्या कवीच्या नावावर एखादी वनस्पती आहे का याचा विचार करून बघा, मी केला आणि सोडून दिला.

आता हे सगळं आत्ता का काढलं, तर 2024 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीने आपलं हर्बेरियम बंद करायचं जाहीर केलं. जवळजवळ सव्वाआठ लाख नमुने, वाळवलेली झाडं, शेवाळं, लायकेन, सगळं दुसरीकडे कुठेतरी हलवा म्हणे. जगभरातल्या वनस्पतीवाल्यांनी आरडाओरडा केला आणि तो रास्तच होता, पण त्या आरड्यात मला एक गोष्ट खटकली. बोलणारे सगळे सायन्सवाले. हवामान बदल, डीएनए, नामशेष जाती, सगळे मुद्दे खरे आणि महत्त्वाचे. साहित्यवाल्यांना मात्र वाटलं की हा आपला विषयच नाही, कपाटं त्यांची, धूळ त्यांची, बघून घेतील ते. आणि मला नेमकं इथेच भांडायचंय. गेल्या शतकातल्या इटालियन कवितेचा आवाज बदलला त्यात या वाळक्या पाल्याचा, टाचणीवरच्या फुलपाखरांचा आणि कागदाच्या पुड्यांचा हात आहे, आणि तो कुणी निसर्गप्रेम वगैरे म्हणतात तसला हात नाही. निसर्गप्रेम कवींना आधीपासून होतंच, पोत्याने होतं. नमुना गोळा करण्याने कवितेला जे दिलं ते म्हणजे लेबल. कुठे सापडलं, कधी सापडलं, कशावर वाढलं होतं, कुणी उचललं. एवढंच. यापलीकडे त्या पुडीवर काही लिहायची परवानगी नसते.

स्बार्बारोचं काम कसं चालत असेल ते जरा जवळून बघा. लायकेन झाडाच्या सालीवर असेल तर सुरीने सालीसकट काढायचं, खडकावर असेल तर छिन्नी-हातोडी घेऊन खडकाची ढलपीच उडवायची, कारण काही जाती दगडाला इतक्या चिकटलेल्या असतात की दगडावर डाग पडलाय असंच वाटतं, नखाने काही निघत नाही. मग कागदाची घडी घालून पुडी करायची, अगदी आपला वाणी हळद-कुंकवाची बांधायचा तशी, आणि वर लिहायचं: गाव, तारीख, उंची, ऑलिव्हच्या खोडावर की चुनखडीच्या भिंतीवर. घरी येऊन भिंगाखाली बघायचं, पोटॅशचा थेंब टाकून रंग बदलतो का ते बघायचं. यातल्या काही जाती वर्षाला मिलिमीटरभर वाढतात की नाही अशी परिस्थिती, म्हणजे तुमच्या तळहाताएवढा डाग तुमच्या पणजोबांपेक्षा म्हातारा असू शकतो. असल्या गोष्टीकडे रोज तासन्‌तास बघणारा माणूस कविता लिहायला बसला तर 'हे विश्वा' असं कशाला म्हणेल?

म्हणतच नाही तो. त्याचं 1914 चं 'पियानिस्सिमो' नावाचं पुस्तक आहे, म्हणजे संगीतात 'अगदी हळू आवाजात'. पहिलीच कविता स्वतःच्या जिवाला गप्प बसायला सांगून सुरू होते. पुढे तो म्हणतो की झाडं ही झाडं आहेत, घरं ही घरं, रस्त्याने जाणाऱ्या बायका या बायका, आणि सगळं जे आहे ते आहे, फक्त तेवढंच आहे. आणि शेवटी, जग एक मोठं वाळवंट झालंय आणि त्यात मी कोरड्या डोळ्यांनी स्वतःकडे बघतोय. हे कोरडे डोळे लक्षात ठेवा. वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाला लॅटिनमध्ये जुनं नाव आहे 'हॉर्तुस सिक्कुस', सुकी बाग. झाड दाबून वाळवून कागदावर चिकटवायची ही युक्तीच मुळात इटलीतली, सोळाव्या शतकात पिसाला लुका गिनी नावाचे प्राध्यापक होते त्यांच्या नावावर ती सांगतात, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आल्द्रोव्हांदीचे 15 खंड बोलोन्यात आजही आहेत. म्हणजे चारशे वर्षं ज्या देशात कोरड्या नजरेने हिरवं बघायची सवय होती, त्या देशातल्या कवीने ती नजर फिरवून स्वतःवर लावली. स्वतःलाच नमुना करून टाकलं, जिवंत जागेवरून काढून, कागदावर ठेवून. कुणी म्हणेल 1914 मध्ये तो लायकेनमध्ये एवढा बुडालेला नव्हता. बरोबर आहे, आणि मी काही दावा करत नाही की आधी पुडी आणि मग ओळ. माझं म्हणणं असं की एकाच स्वभावाची ती दोन कामं आहेत आणि पुढे आयुष्यभर एकाने दुसऱ्याला धार लावली.

पटत नसेल तर त्याच्या पुस्तकांची नावं बघा, मला तर ती यादी वाचूनच हसू येतं. पहिलं 'रेझिने', म्हणजे झाडाचा डिंक-राळ. मग 'त्रुचोली', सुताराच्या रंध्याखालचा भुसा-ढलप्या. मग 1928 चं 'लिक्विदात्सिओने', म्हणजे आपलं सरळसरळ 'माल काढणे आहे'. 'रिमानेन्झे', उरलंसुरलं. 'स्काम्पोली', कापडवाल्याकडचे कटपीस. 'गोच्चे', थेंब. साबणाचे फुगे. आणि अगदी शेवटी, गेला त्या वर्षी, 'क्विस्क्विलिए', म्हणजे फालतू बारीकसारीक. त्याच वर्षी लायकेनवरचं पुस्तकही निघालं, त्याच्या उपशीर्षकात संग्रहाला त्याने जगाचं सॅम्पल-बुक म्हटलंय, कापडाच्या दुकानात गठ्ठ्याला बांधलेले छोटे तुकडे असतात ना, तसं. मला वाटतं हा माणूस सगळ्याच गोष्टींकडे पुडी बांधायच्या मापाने बघत होता. मोठं काही हातात घ्यायचंच नाही, कारण मोठ्याला लेबल लावता येत नाही.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. हे सगळं पळपुटेपण आहे, असं म्हणणारे आहेत. बाहेर मुसोलिनी आलाय, विरोधकांना मार पडतोय, आणि कवीमहाशय डोंगरात दगड खरवडतायत. मी स्वतः कॉलेजात असताना असंच म्हटलं असतं, तेव्हा आपल्याला सगळ्यांनाच प्रत्येक कवी रस्त्यावर हवा असतो. पण जरा तपशील बघा. स्बार्बारो जेनोवाला जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायचा, फॅसिस्ट पक्षाचं कार्ड घ्यायला नाही म्हणाला आणि नोकरी गेली. मग खासगी शिकवण्या आणि भाषांतरं करून पोट भरलं. भाषण केलं नाही, पत्रक काढलं नाही, फक्त कार्ड घेतलं नाही. आता त्या काळाची इटालियन भाषा कशी होती आठवा, बाल्कनीतून खाली ओतलेली, साम्राज्य, रोम, नियती, रक्त, सगळे शब्द फुगलेले. अशा वेळी जो माणूस रोज 'ऑलिव्हचं खोड, उत्तरेकडची बाजू' एवढंच लिहितो, त्याची भाषा सरकारच्या काही कामाची राहत नाही. तिच्यावरून मिरवणूक नेता येत नाही. हा मोठा पराक्रम आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला पळणं म्हणणाऱ्यांनी त्या काळात कार्ड घेऊन बसलेल्या नामांकित लेखकांची रांगही एकदा बघावी.

बरं, हा एकटाच वेडा होता का? नाही. पास्कोली हा कवी त्याच्या आधीचा, आणि पास्कोलीने 1896 च्या एका लेखात खुद्द लेओपार्दीला, म्हणजे इटलीच्या थोर जुन्या कवीला, पकडलं. लेओपार्दीची शनिवारच्या संध्याकाळवरची कविता इटलीत पोरासोरांना पाठ असते, त्यात शेतावरून येणाऱ्या मुलीच्या हातात गुलाब आणि व्हायोलेट यांचा गुच्छ आहे. पास्कोली म्हणतो, बाबा रे, व्हायोलेट सरतात तेव्हा गुलाब यायचे असतात, हा गुच्छ बांधला कधी? आता लेओपार्दी मोठाच कवी, त्याला त्याने तसूभर कमीपणा येत नाही, आणि पास्कोली मास्तरकी करतोय असं मला पहिल्यांदा वाचताना वाटलंही होतं. पण त्या मास्तरकीतच नवं काहीतरी सुरू झालं. 'पक्षी' म्हणू नका, कोणता ते सांगा. 'फुलं' म्हणू नका. हा प्रश्न कुठून येतो? लेबल लिहायला बसलेल्या माणसाच्या डोक्यातून येतो, कारण त्याला 'जंगलात कुठेतरी, उन्हाळ्यात बहुतेक' असं लिहून चालत नाही.

नावं नुसती माहीत असून भागत नाही, हेही तितकंच खरं. दान्नुंझियोला ढिगाने वनस्पतींची नावं यायची, त्याच्या पाऊस आणि पाइनबनावरच्या प्रसिद्ध कवितेत झाडांची रांगच रांग आहे आणि वाचायला ती कमालीची गोड लागते, पण तिथे शेवटी कवी आणि कवीची बाई स्वतःच झाड होऊन जातात. म्हणजे झाड हे कवीचे कपडे. मोंतालेने 1925 च्या पुस्तकात लिंबांवरच्या कवितेत याच मंडळींना चिमटा काढलाय, की राजमान्य कवी फक्त कुणी फारशी न वापरलेली नावं असलेल्या झाडांतूनच हिंडतात, मला आपले ते रस्ते बरे जे गवताळ खड्ड्यांकडे जातात, जिथे अर्धवट सुकलेल्या डबक्यात पोरं एखादी रोडकी वाम पकडतात. आणि मग लिंबं. साधी, पिवळी, परसातली.

त्या पुस्तकाचं नाव 'ओस्सी दि सेप्पिया', म्हणजे माकुळाच्या पाठीतली ती पांढरी, हलकी, खडूसारखी ढाल. कोकणातल्या लोकांना सांगायला नको, किनाऱ्यावर पडलेली असते, आयुर्वेदवाले तिला समुद्रफेन म्हणतात, आणि पोपट पाळणारे पिंजऱ्यात अडकवतात चोच घासायला. मोंताले जेनोवाचा, लहानपणीचे उन्हाळे मोंतेरोस्सोच्या किनाऱ्यावर गेले. स्बार्बारो त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, 'त्रुचोली' आलं तेव्हा 1920 मध्ये तरुण मोंतालेने त्याच्यावर परीक्षण लिहिलं, आणि स्वतःच्या या पहिल्या पुस्तकात दोन कविता त्याला अर्पण केल्या. एकीत स्बार्बारो लहान मुलासारखा रंगीत कागदाची होडी करून गटाराच्या वाहत्या पाण्यात सोडतो. पुड्या बांधणाऱ्या माणसाचे हात कागदाकडे वळले तर होडीच करणार! त्याच पुस्तकात समुद्राला उद्देशून एक मालिका आहे, तिथे मोंताले म्हणतो की तुझा कायदा असा, की बुचं, शेवाळ, तारामासे यांच्यात तुझ्या पोटातला निरुपयोगी कचरा किनाऱ्यावर आपटायचा आणि स्वच्छ व्हायचं. किनाऱ्यावरून हा कचरा उचलणाऱ्याची नजर आणि त्या कवितांची नजर एकच आहे. समुद्र मोठा, कबूल, पण हाताला लागतं ते हाड. मोंतालेला 1975 मध्ये नोबेल मिळालं. ज्या कवितेने त्या देशाचा सूर ठरवला तिच्या मुखपृष्ठावर एक वाळका सागरी नमुना आहे, हे मला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आता गोझानो. गुइदो गोझानो, 1883 ते 1916, तोरिनोचा, क्षयाने बत्तिसाव्या वर्षी गेला. याच्यावर माझं प्रेमही आहे आणि रागही. आजीच्या मैत्रिणीवर त्याची एक कविता आहे, तिचा पहिलाच शब्द म्हणजे भुसा भरलेला पोपट. दिवाणखान्यातल्या सामानाची यादीच आहे ती. पोपट, अर्धपुतळे, फ्रेममधली फुलं, शिंपल्यांच्या पेट्या, काचेच्या घुमटाखालची संगमरवरी फळं, आणि, हे वाचून मी खरंच पुस्तक मिटून हसलो, नारळ. पिएमोंतेच्या, म्हणजे तोरिनोकडच्या बैठकीत नारळ शोभेला ठेवलाय! आपल्याकडे ज्याची शेंडी धरून आपण दगडावर आपटतो तो तिथे दुर्मिळ नमुना. या सगळ्याला त्याने म्हटलंय, भयंकर अभिरुचीच्या छान छान वस्तू. एका फटक्यात माया आणि थट्टा. तो सूर पुढे कित्येक इटालियन कवींनी उचलला, आणि तो आला कुठून तर वस्तू एकापुढे एक मांडून ठेवणाऱ्या कपाटातून. कपाट भाष्य करत नाही. फक्त शेजारी ठेवतं, पोपटाच्या शेजारी नेपोलियनचा अर्धपुतळा.

याच गोझानोने शेवटी फुलपाखरांवर एक मोठी कविता लिहायला घेतली, 'कीटकशास्त्रीय पत्रं' असं तिचं उपशीर्षक, अर्धवट राहिली. त्यात तो पाचशे सुरवंट घरात पाळतो आणि कोष घरभर लटकतात. त्याचा चुलत-मावस भाऊ ओमेन्या सिनेमावाला होता, 1911 मध्ये त्याने फुलपाखरांच्या जीवनावर फिल्म केली, तिच्यातही गोझानोची मदत होती. आणि हे पद्यात शास्त्र सांगणं त्याने उगाच काढलेलं नाही, मागे 1793 मध्ये मास्केरोनी नावाच्या कवीने एका विदुषीला पाविया विद्यापीठाचं निसर्गसंग्रहालय बघायला या, असं आमंत्रण देणारी अख्खी दीर्घ कविता लिहिली होती. विचार करा, म्युझियमची कपाटं बघायला या म्हणून कविता! गोझानोच्या 'सिन्योरिना फेलिचिता'मध्येही माळ्यावरच्या अडगळीत काचेवर आपटणारा एक पतंग आहे, पाठीवर कवटीचं चित्र असलेला, तोंडाने चिरचिर आवाज काढणारा, आणि कवी त्याचं नाव पुरं शास्त्रीय देतो, ॲकेरोंशिया ॲट्रोपॉस. त्याचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. एरवी गूळ-पाण्यासारख्या गोड चाललेल्या प्रेमकथेत ते लॅटिन नाव टाचणीसारखं घुसतं. मरायला टेकलेल्या माणसानेच असं लिहावं.

मग राग कशाचा? तर हा 1912 मध्ये आपल्याकडे आला होता. हवापालटासाठी बोटीने मुंबईला. परत गेल्यावर हिंदुस्थानातली पत्रं छापली, तो गेल्यावर 1917 मध्ये त्यांचं पुस्तक झालं. त्यात घारापुरीची लेणी आहेत, पारशांचे मृत्युमनोरे आहेत, 'सोनेरी' गोव्यावर एक प्रकरण आहे, आणि आणखी बरंच हिंडणं आहे. अभ्यासकांनी पुढे तारखा ताडून पाहिल्या तर काही पत्रांवर तो इटलीत परतल्यानंतरच्या तारखा निघाल्या, आणि बराचसा प्रवास त्याने दुसऱ्यांची पुस्तकं समोर ठेवून केलेला निघाला. फुलपाखरांच्या कवितेतही मेटरलिंक या बेल्जियन लेखकाकडून बरंच घेतलेलं आहे. साहित्यात हे चालतं, असं म्हणतात. चालत असेल. पण ज्याने लेबलाची भाषा कवितेत आणली त्यानेच लेबलावर खोटं गाव लिहावं?

खोट्या लेबलाने काय होतं ते आपल्याला महाराष्ट्रात चांगलं माहीत असायला हवं. रानपिंगळा नावाचं घुबड नामशेष झालं असं कित्येक दशकं वाटत होतं. त्याचा शेवटचा नमुना, लेबलाप्रमाणे, 1914 चा, गुजरातमधला, माइनरट्झहागेन नावाच्या बड्या इंग्रज कर्नलचा. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने तपासलं तेव्हा निघालं की तो नमुना चक्क चोरलेला, डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात आपल्या खानदेशाकडे गोळा केलेल्यांपैकी, त्यावर नुसतं नवीन खोटं लेबल चढवलेलं. ते खोटं गाव बाजूला ठेवून जुन्या खऱ्या लेबलांच्या मागे गेल्यावर 1997 च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा जिवंत सापडला. एका चिठ्ठीवर एवढं अवलंबून असतं. आणि हे ज्याला कळलं त्याने 'गोवा' असं लिहून गोव्याला न जाणाऱ्या कवीला जरा तरी जाब विचारावाच.

म्हणजे मी साधुसंत आहे असं नाही. बारावीला आम्हाला हर्बेरियमची फाइल करायची होती, पंचवीस झाडं. आम्ही तिघांनी मिळून एकाच्या सोसायटीतून आणि एका रोपवाटिकेच्या कुंपणावरून एका दुपारी सगळी तोडली, रद्दीत घालून गादीखाली दाबली, आणि प्रत्येक पानावर ठिकाण म्हणून 'कॉलेज परिसर' आणि तारखा वेगवेगळ्या, जूनपासून डिसेंबरपर्यंत, कशा छान पसरून. बाईंनी फाइल चाळली, टाकळ्याच्या पानावर थांबल्या. शेंगा धरलेला टाकळा आणि तारीख जूनची. म्हणाल्या, जूनमध्ये याला शेंगा कुठल्या रे? बाकी काही बोलल्या नाहीत, सही केली, मार्कही पुरते दिले. मला तो प्रश्न अजून ऐकू येतो. पुढे बऱ्याच वर्षांनी पास्कोलीचा तो गुलाब-व्हायोलेटचा मुद्दा वाचला तेव्हा पहिली आठवण बाईंची झाली. माझं मराठी लिहिणं कुणी सुधारलं असेल तर भाषेच्या तासापेक्षा त्या टाकळ्याने जास्त, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला पहिल्यापेक्षा अवघड जातो. गोळा करणं म्हणजे मारणं. फुलपाखराला टाचणी टोचायची आणि मग त्याच्या नश्वरतेवर कविता करायची, हे जरा किळसवाणंच आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यात कितीतरी फुलपाखरांना संरक्षण आहे, युरोपातही गोझानोच्या कवितेतलं ते आल्प्समधलं अपोलो फुलपाखरू आज कायद्याने संरक्षित आहे, आणि हे योग्यच आहे. मुलांना जाळी देऊन रानात सोडा असं मी म्हणत नाही. पण 'आता फोनवर फोटो काढता येतो की, कशाला हवेत नमुने' असं जे सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. कितीतरी लायकेन फोटोवरून ओळखताच येत नाहीत, तो पोटॅशचा थेंब टाकावाच लागतो, बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. आणि फोटोचा स्वभावच वेगळा. फोटो काढून आपण पुढे जातो. माझ्या फोनमध्ये पावसाळ्यातले शेवाळाचे चारेकशे फोटो असतील, त्यातल्या एकाच्याही खाली मी काही लिहिलेलं नाही. पुडी बांधायची तर थांबावं लागतं, खाली बसावं लागतं, पेन काढावं लागतं, आणि नाव माहीत नसेल तर तसं कबूल करून जागा कोरी सोडावी लागते. ती कोरी जागा मोंतालेच्या कवितेत जागोजागी दिसते. आमच्याकडे शब्द मागू नका, आम्ही काय नाही आणि आम्हाला काय नकोय एवढंच सांगू शकतो, असं तो म्हणतो, त्यात मला ओळख न पटलेल्या नमुन्यावरचं लेबलच ऐकू येतं.

आणि मारण्याचाच हिशेब करायचा तर स्बार्बारोच्या पुड्या एका पारड्यात टाका आणि दुसऱ्यात आपलं दगडफूल टाका, जे जंगलांतून पोत्यांनी खरवडून मसाल्याच्या बाजारात येतं, वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने वाढलेलं, आणि ज्याच्यावर कुठलंही लेबल नसतं.

म्हणून ड्यूकसारखी बातमी आली की भाषावाल्यांनीही तोंड उघडायला हवं, असं माझं मत आहे. स्बार्बारोच्या लायकेनचा संग्रह जेनोवाच्या निसर्गसंग्रहालयात आहे, त्या 'जाकोमो दोरिया' संग्रहालयाची स्थापना 1867 ची, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या बरोब्बर शंभर वर्षं आधीची. कवीचं हस्तलिखित तिथे पुड्यांवर आहे. ते संग्रहालय उद्या कुणी जागेच्या भाड्यापायी बंद केलं तर नुकसान फक्त वनस्पतिशास्त्राचं म्हणायचं का? आपल्याकडे पुण्यात आघारकर संस्थेत लायकेनचा मोठा संग्रह आहे, मुंबईत बीएनएचएसची, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची, कपाटं 1883 पासूनची आहेत, आणि मराठी एमएच्या वर्गाची सहल कधी तिथे गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आपल्याकडे दहावीनंतर पोराला आर्ट्स की सायन्स विचारतात आणि त्या दिवशी दार लागतं ते लागतंच. कविता करणाऱ्याला झाडाचं नाव येत नाही आणि झाडाचं नाव येणाऱ्याला कविता वाचवत नाही, आणि दोघंही एकमेकांकडे जरा दयेने बघतात. मग 'रानफुलं', 'पाखरं', 'वेली' असले शब्द घेऊन आपण ओळीमागून ओळी पाडतो, ज्यांच्यावर जून-डिसेंबर काहीही तारीख टाकली तरी कुणी विचारत नाही. यात मीही आलो.

हा लेख लिहीत असतानाच परवा वाण्याकडे दगडफूल आणायला गेलो. पन्नास ग्रॅम मागितलं, त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं. म्हटलं, काका, हे येतं कुठून? त्याने माझ्याकडे बघितलं, तराजूकडे बघितलं, आणि म्हणाला, मागून येतं. मागून म्हणजे? होलसेलमधून. आणि होलसेलमध्ये? तोवर माझ्या मागच्या बाईंनी साबुदाणा मागितला होता. घरी येऊन बरणीत भरलं आणि झाकणावर पट्टी चिकटवली: दगडफूल, 50 ग्रॅम, आजची तारीख. ठिकाणाची जागा कोरी ठेवलीय. आईने ती पट्टी बघितली आणि विचारलं, निवडलंयस का आधी?